पोळ्याचा नवा दोर

मित्रांनो, मी खैराच्या लाकडाचा एक जुना खुंटा आहे. खुंट्याने आपली कहाणी काय सांगावी, असं तुमच्या मनात आलं असेल. बरोबर आहे तुमचं. बैल चालतो, नाव तरंगते, दोर निदान ताणला तरी जातो. खुंटा नुसता उभा. पण जागचा न हलणाऱ्याला पुष्कळ दिसतं. मी जे पाहिलं ते दुसऱ्या कुणीही पाहिलं नाही. मला तोंड नाही, म्हणून ते इतकी वर्षं माझ्यातच राहिलं. आज तुमच्याजवळ मन मोकळं करतो.

झरी जामणी तालुक्यात पैनगंगेच्या काठाला एक लहानसा बंजारा तांडा आहे. नदीच्या पलीकडे तेलंगणा. तांड्यामागच्या रानात मी खैराचं झाड म्हणून वाढलो आणि एका वावटळीत आडवा झालो. लखीराम नावाच्या माणसाने मला पाहिलं, बुडाकडचा सरळ तुकडा तोडून खांद्यावरून घरी आणला. कुऱ्हाडीने तासून मला आकार दिला, एका बाजूला टोक काढलं आणि ते टोक विस्तवावर भाजून काळं केलं. भाजलेलं टोक जमिनीत लवकर कुजत नाही. खैराला वाळवीही सहसा शिवत नाही. थोडक्यात, माझी तब्येत जन्मापासूनच दणकट.

लखीरामने मला अंगणात ठोकलं आणि मोऱ्या नावाचा बैल बांधला. मोऱ्या द्वाड होता. गोमाशी चावली की असा हिसका द्यायचा की दुसरा खुंटा असता तर उपटून आला असता. मी तसूभर हललो नाही. लखीराम माझ्यावर थाप मारून म्हणायचा, "आपल्या वाडवडिलायचं पोट बैलाच्या पाठीवर होतं. मीठ लादून मुलूखभर फिरले ते. बैल हाय तं आपण हाव."

लखीरामचा मुलगा सेवादास संध्याकाळी बैल बांधायला यायचा. सेवादास डावखुरा. जेवणाचा घास तेवढा उजव्या हाताने, बाकी सगळं डाव्याने. त्यामुळे त्याची गाठही उलटी पडायची. बाकीच्यांच्या गाठीचं शेपूट उजवीकडे निघतं, याचं डावीकडे. दुसऱ्या कुणाला ती गाठ सोडायची म्हटलं की बोटं अडखळायची. "डावऱ्याची गाठ डावऱ्यानंच सोडावी," असं तांड्यातली माणसं हसून म्हणायची. तशी गाठ मारणारा त्या तांड्यात दुसरा कोणी नव्हता. एवढी गोष्ट लक्षात ठेवा.

पुढे मोऱ्या म्हातारा होऊन गेला. लखीरामही गेला. शेतात भाड्याचा ट्रॅक्टर फिरू लागला आणि अंगणात मला काही काम उरलं नाही. मला उपटून भिंतीला टेकवून ठेवलं. कोंबड्या माझ्यावर बसायच्या आणि कोंबड्या बसल्या की जे करतात तेही करायच्या. सेवादासची बायको लालीबाई एकदा मला चुलीत घालायला निघाली होती. माझं नशीब, की त्याच आठवड्यात सेवादासने नदीच्या खालच्या अंगाच्या एका भोयाकडून सागाच्या फळ्यांची जुनी नाव आणली.

नाव आणण्याचं कारण साधं होतं. तांड्यातल्या बऱ्याच जणांची शेतं नि सोयरे नदीपलीकडे. पूल लांब. कापूस वेचायला जायचं तर अर्धा दिवस वाटेतच जायचा. सेवादासला पाण्याची लहानपणापासून ओढ होती. त्याने मला खांद्यावर घेतलं, तेव्हा लालीबाई दारातून म्हणाली, "हा खुंटा कायले नेता? नवा करा ना एखादा."

"हा बैलाचा खुंटा हाय," सेवादास म्हणाला. "नावेले बी सवय लागन एका जागी राहाची."

मित्रांनो, नाव बांधणं म्हणजे दोर गुंडाळला आणि घरी गेलं, असं नसतं. सेवादासने ते भोयाकडून नीट शिकून घेतलं होतं. त्याने मला काठावर ठोकलं ते सरळ नव्हे, पाण्याकडे तोंड करून, जरा मागे रेललेलं. नाव ओढू लागली की असा खुंटा जमिनीत आणखी रुततो. सरळ ठोकलेला पुढे झुकतो आणि निघून येतो. दोर बांधायचा तो माझ्या बुडाशी, अगदी मातीलगत. शेंड्याला बांधला तर खुंटा उखडायला वेळ लागत नाही. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे ढील. दोर लांब सोडायचा. पाणी चढलं तर नावेला वर उठायला वाव हवा, नाहीतर दोरच तिचं तोंड पाण्यात ओढतो.

हे सगळं त्याने लालीबाईलाही शिकवलं, कारण तो शेतात असला की नाव तीच पाहायची. "पाणी पुरुषभर असन तं दोर तीन पुरुष सोडायचा," तो सांगायचा. "बैल आखूड बांधला तं चालते. नाव आखूड बांधली तं मरते." आणि नावेच्या मागच्या फळीखाली एक कोयता कायम खोचलेला असायचा. दोर अडकला, सुटेना, तर एका घावात मोकळं करायला.

ती माझ्या आयुष्याची चांगली वर्षं. कापसाची गाठोडी, दवाखान्यात निघालेली म्हातारी, नवरी घेऊन आलेलं वऱ्हाड, सगळी माझ्यापाशी उतरायची. सेवादासची मुलगी राखी शाळेतून आली की माझ्यावर दप्तर टांगून पाण्यात पाय सोडून बसायची. लोक उतरताना माझ्या डोक्यावर हात टेकायचे, आणि तेवढ्यानेच मी गुळगुळीत झालो. कौतुक कोणाला आवडत नाही? खुंट्यालाही आवडतं.

आता पोळ्याचं सांगतो. पोळा म्हणजे बैलाचा सण हे तुम्हाला ठाऊक आहे. आदल्या दिवशी त्याच्या खांद्याला हळद-तूप चोळतात, आणि "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या," असं त्याला निमंत्रण देतात. पोळ्याला त्याचा जुना दोर काढून नवा घालतात, आणि त्या दिवशी त्याला जुंपत नाहीत. सेवादासच्या घरी बैल उरला नव्हता. पण बैलावाचून पोळा करायला त्याचं मन होईना. मग त्याने तो सण नावेला लावला. दोर घासून नावेची जी कडा झिजायची तिथे तो हळद-तूप चोळायचा. तिच्या तोंडाला बाशिंग बांधायचा. जुना दोर नदीत सोडून द्यायचा आणि नवा बांधायचा. त्या दिवशी नाव कोणालाही पलीकडे नेत नसे. घरातलं लोखंड, विळे, कुऱ्हाडी, नांगराचा फाळ, सगळं धुऊन पाटावर मांडायचं, कारण त्या दिवशी अवजारांनाही सुट्टी. नावेतला कोयताही त्या पाटावर जायचा.

सेवादासचा थोरला भाऊ खेमसिंग तांड्याचा नायक, म्हणजे प्रमुख होता. त्याच्या दारात अजून बैलजोडी होती. तो हसायचा. "लाकडाच्या बैलाले पुरणपोळी चारतं काय रे?" सेवादास म्हणायचा, "हा बैल कडबा मागत नाही, दादा. वर्षातून एक पोळी मागते."

त्या वर्षीचा पोळाही असाच उजाडला. सेवादासने बाजारातून पिवळाजर्द नायलॉनचा दोर आणला होता, बैलाच्या कासऱ्यासारखा झगझगीत. घरच्या लक्ष्मीने बैलाला ओवाळायचं असतं, म्हणून नवा दोर लालीबाईच्या हातून बांधायचा. सकाळी सगळा तांडा काठावर जमला. लालीबाई गुडघाभर पाण्यात उतरली, नावेला कुंकू लावलं, मग माझ्या बुडाशी येऊन दोर बांधला. शेपूट उजवीकडे. दोर चांगला लांब सोडलेला, नवऱ्याने शिकवला होता तसा. मी साक्षीला आहे, त्या बांधण्यात काडीचीही चूक नव्हती.

वर येताना ती पदर पिळत म्हणाली, "सणाचं लुगडं चिंब झालं माहं. नैवेद्य घेऊन येईन तवा पुन्हा उतरा लागन काय पाण्यात?"

लोक हसले, सेवादासही हसला, आणि सगळे तांड्याकडे गेले.

दुपारी बैल तोरणाखाली न्यायची वेळ झाली. तांड्यात डफड्याचा आवाज येऊ लागला. तेव्हा सेवादास एकटाच काठावर परत आला. काठावर चिटपाखरूही नव्हतं. लांब दोरावर नाव मधल्या पाण्यात डुलत होती, काठापासून दूर. त्याने तिला ओढून अगदी माझ्याजवळ आणलं. लालीबाईची गाठ सोडली आणि दोर आखूड करून पुन्हा बांधला, मोऱ्याला बांधायचा तसा, डाव्या हाताने. नावेचं तोंड काठाला टेकलं. आता नैवेद्य दाखवायला कुणाला पाण्यात उतरायची गरज नव्हती.

"लाली येऊन जाईपर्यंत राहाय अशी," तो नावेला म्हणाला. "मंग सोडतो तुले ढिली." त्याने नावेच्या बाशिंगाला कपाळ टेकवलं, माझ्यावर बापासारखी एक थाप मारली आणि पोळा पाहायला गेला.

मित्रांनो, जो माणूस अख्ख्या तांड्याला ढील शिकवायचा, त्याने स्वतःच दोर आखूड बांधला. का? बायकोचं लुगडं भिजू नये म्हणून. एवढंच कारण. आभाळ आमच्याकडे कोरडं होतं. पण पाऊस वर, नदीच्या उगमाकडे कोसळला होता, आणि नदी काही सण पाहून येत नाही.

पाणी आधी गढूळ झालं. मग काड्या-कचरा वाहत आला. मग ते माझ्या बुडाला लागलं, आणि बघता बघता मी कमरेपर्यंत बुडालो. नावेला वर उठायचं होतं. दोर तिला उठू देईना. तिचं तोंड खाली खाली जाऊ लागलं आणि बाशिंगावरून पाणी आत शिरलं. मी काय करणार होतो? मला घट्ट धरायचंच काम दिलेलं. त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं, मी कुजका असतो तर किती बरं झालं असतं.

सेवादास धावत आला. अंगावर सणाचा नवा सदरा होता, तसाच पाण्यात उतरला. पाणी त्याच्या छातीला. गाठ माझ्या बुडाशी, पाण्याखाली. बुडी मारून तो तिथवर पोचला. त्याची बोटं मला कळली, पण ताणलेला ओला नायलॉन दगडासारखा झाला होता. त्याचीच गाठ, आणि त्याच्याच हाताला सुटेना. सवयीने तो नावेच्या मागच्या फळीपर्यंत गेला, खाली हात घातला. कोयता नव्हता. कोयता घरी पाटावर, हळद-कुंकू लावून.

तेवढ्यात लालीबाई नैवेद्याचं ताट घेऊन काठावर आली. सेवादास पाण्यातून वर आला आणि ओरडला, "लाली, कोयता आण." तिने ताट तिथेच टाकलं आणि पळत सुटली.

तो पुन्हा बुडाला. नावेच्या तोंडाची लोखंडी कडी फळीसकट उचकटली. नाव गर्रकन फिरली आणि तिचा मागचा भाग त्याला लागला. त्यानंतर त्याची बोटं मला जाणवली नाहीत.

लालीबाई कोयता घेऊन धावत आली तेव्हा काठावर पुरणपोळ्या पडल्या होत्या आणि समोर नुसती नदी होती.

सेवादास खूप खाली सापडला. नाव कधीच सापडली नाही. पूर ओसरला तेव्हा मी गळ्यापर्यंत गाळात पुरला गेलो होतो. गाठीपलीकडे उरलेला लांब दोर पुराने तोडून नेला होता; आखूड तुकडा, ती डावी गाठ आणि कडी, सगळं माझ्या बुडाशी, मातीखाली. वर फक्त माझं डोकं.

लोक सांत्वनाला आले. आधी म्हणाले, "पोहणाराच बुडते." मग हळूहळू दुसरं बोलू लागले. बोलणाऱ्याचं तोंड कोणाला धरता येतं? खेमसिंग माझ्याजवळच, काठावर बसून म्हणाला, "दोर बाईनं बांधला होता. आपण सगळ्याइनं पाह्यलं. बाईच्या हातची आडगाठ, पाण्यात कशी सुटन?" तो दुष्ट नव्हता. भाऊ गेल्याचं दुःख कुठेतरी ठेवायला त्याला जागा हवी होती, आणि ती त्याला लालीबाईच्या हातात सापडली. ती पदर ओढून उभी होती. तिनेही तेच मानलं.

तेव्हापासून ती काठावर यायची ती स्वतःचे हात पाहायला. मावळतीला एकटीच यायची, माझ्या डोक्याशी बसायची आणि हातातल्या पदराच्या टोकाला गाठ मारायची, सोडायची, पुन्हा मारायची. "मी तं ढील ठेवली होती," ती पुटपुटायची. "ठेवली होती ना मी?" मित्रांनो, ती मलाच विचारायची. आणि मी तिथेच, हातभर मातीखाली तिचं उत्तर घट्ट धरून बसलो होतो. याच्याइतकं दुःख मला ना कुऱ्हाडीने दिलं ना विस्तवाने.

पुढे पुढे तिने गाठ मारणंच सोडलं. शेळी बांधायची तर राखीला हाक मारायची. राखी मोठी झाली आणि यवतमाळला नर्सिंग शिकायला गेली, तेव्हा तिच्या वळकटीला दोर शेजारच्या हंसाबाईने बांधून दिला. आई नुसती उभी राहिली.

यंदा आमच्या काठाजवळ नवीन पूल झाला. त्याच्या रस्त्यासाठी काठ सपाट करायला जेसीबी येणार असं कळलं. राखी पोळ्याच्या सुट्टीत घरी आली होती. लालीबाई तिला म्हणाली, "तुह्या बापाचा खुंटा मशीनच्या दातात नको जाऊ देऊ. आपण काढून आणू."

दोघी सब्बल नि पावडं घेऊन आल्या. राखीने भराभर गाळ उपसला. घाम आला तशी ती पाण्याची बाटली आणायला वर रस्त्यावर लावलेल्या गाडीकडे गेली. लालीबाई एकटीच हाताने माती बाजूला करत राहिली. आणि तिच्या बोटाला काहीतरी पिवळं लागलं.

आधी दोर दिसला. आखूड, जेमतेम हातभर. त्याच्या टोकाला गंजलेली कडी आणि फळीची ढलपी. मग गाठ दिसली. तिने अंगठ्याने गाठीवरचा गाळ पुसला. शेपूट डावीकडे होतं.

ती हललीच नाही. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते तिने पुसलंही नाही. आखूड दोराकडे पाहिलं, काठाकडे पाहिलं, मग स्वतःच्या लुगड्याच्या काठाकडे पाहिलं. त्या पोळ्याच्या सकाळचं आपलं एक वाक्य तिला आठवलं असावं. "माह्या पायासाठी?" एवढंच ती बोलली. "असं काहून केलं तुमी?"

वरून राखीने आईला विचारलं, "याडी, काही अडकलं काय? कोयता आणू?"

मला वाटलं, आता ती हाक मारेल. लेकीला दाखवेल, खेमसिंगला दाखवेल, अख्ख्या तांड्याला दाखवेल. इतक्या वर्षांचं ओझं एका क्षणात उतरेल.

"नको," लालीबाई म्हणाली. "सुटते."

ती खाली बसली आणि गाठीला लागली. नखं मोडली. केसातला आकडा काढला, तो वाकला. गाठीत वाळू घट्ट बसली होती, ती तिने पदराने, थुंकीने, फुंकर घालून काढली. किती तरी वर्षांनी ती गाठीला हात लावत होती. जी गाठ बांधणाऱ्याला सुटली नव्हती, ती तिने सोडवली. दोर नदीत सोडला, पोळ्याला जुना दोर सोडतात तसा. कडी पदरात बांधली. राखी खाली आली तेव्हा मी मोकळा उभा होतो.

"इथं दोर असन ना, याडी? बाबाच्या वक्ताचा?"

"गाळात काय राहाते, बाई," लालीबाई म्हणाली.

त्या संध्याकाळी मला अंगणात पुन्हा ठोकलं. खेमसिंग काठी टेकत आला. आता तोही थकला आहे. माझ्यावर हात ठेवून तो मऊ आवाजात म्हणाला, "जाऊ दे, लाली. मनाले लावून नको घेऊ. बाईमाणसाले काय समजते दोराचं. तो तं पक्का माणूस होता, त्याची कधी चूक झाली नसती."

लालीबाईने पदरातली कडी मुठीत धरली. "होय दादा," ती म्हणाली. "गाठ माहीच होती."

मित्रांनो, खुंट्याचं ऐकाल तर एवढं करा. नाव बांधाल तेव्हा दोर बुडाशी बांधा, आणि प्रेमापोटीही आखूड बांधू नका. सणाच्या दिवशीसुद्धा नावेतला कोयता नावेतच राहू द्या. आणि कुणाच्या हाताला दोष लावण्याआधी जरा वाकून गाठ पाहा. हे मी तुम्हाला सांगितलं, कारण तुम्ही त्या तांड्यातले नाही. कधी तिकडे गेलात तर तिथे बोलू नका. तिने झाकलेलं आपण कशाला उघडायचं?

आता माझ्या बुडाशी एक शेळी असते. तिला संध्याकाळी लालीबाई स्वतः बांधते, कुणाला हाक मारत नाही. बांधून झालं की दोन पावलं मागे जाते, दोराकडे पाहते, आणि परत येऊन तो वीतभर आणखी सैल सोडते.